मॉरिशसमध्ये नव्याने राहायला जाणाऱ्यांसाठी

मॉरिशसला ‘छोटा भारत’ म्हणण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. सहलींच्या जाहिरातींत, नेत्यांच्या भाषणांत आणि घरगुती गप्पांतही हा शब्दप्रयोग सर्रास येतो. नोकरी, शिक्षण किंवा व्यवसायासाठी मुंबई-पुण्याहून तिकडे राहायला निघालेल्या माणसाने मात्र ही कल्पना सामान बांधतानाच घरी ठेवावी, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. तिथल्या साधारण दोन तृतीयांश लोकांचे पूर्वज भारतातून गेले हे खरे. पण त्याला आता दीडशे-पावणेदोनशे वर्षे होऊन गेली, आणि एवढ्या काळात त्यांनी आफ्रिका व मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या, चीनमधून आलेल्या व्यापाऱ्यांच्या आणि फ्रेंच जमीनदारांच्या वंशजांबरोबर राहून स्वतःचा वेगळा देश घडवला आहे. त्या देशात पाहुणा म्हणून पाऊल टाकणाऱ्याला माणसे लवकर आपले म्हणतात. हक्काने शिरू पाहणाऱ्यापासून ती सभ्यपणे दूर राहतात.

निघण्यापूर्वी

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. भारतीय पासपोर्टधारकाला अल्पकाळाच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याची सोय आणि पुरेसे पैसे यांचा पुरावा विमानतळावर मागितला जातो. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर काम करणे मात्र बेकायदेशीर आहे. नोकरीसाठी मालकाने वर्क परमिट काढावे लागते किंवा, ठरावीक पगारापुढच्या व्यावसायिकांच्या बाबतीत, इकॉनॉमिक डेव्हलपमेंट बोर्डाच्या मार्फत ऑक्युपेशन परमिट घ्यावे लागते. पगाराची ही मर्यादा आणि शुल्क अर्थसंकल्पानुसार बदलत असल्याने ते नेहमी सरकारी संकेतस्थळावरच पाहावे, एजंटाच्या तोंडी आकड्यावर विसंबू नये. परमिट हातात पडण्यापूर्वी भारतातली नोकरी सोडू नये, हे वेगळे सांगायला नको.

सामान भरताना आपल्याकडची एक सवय आवरावी लागते. तुळशीचे रोप, कढीपत्त्याची फांदी, भाज्यांचे बी, आंब्याची पेटी यांपैकी काहीही परवान्याशिवाय नेऊ नये. बेटावरची शेती आणि तिथे शिल्लक राहिलेले मूळचे जंगल बाहेरच्या किडीरोगांना फार लवकर बळी पडते, त्यामुळे तपासणी कडक असते आणि ती योग्यच आहे. ई-सिगारेटवर बंदी आहे. झोपेच्या किंवा तीव्र वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असू द्यावी, कारण अमली पदार्थांचे कायदे अतिशय कठोर आहेत. विजेचे प्लग ब्रिटिश पद्धतीचे, चौकोनी तीन पिनांचे असतात. मिक्सर नेणार असाल तर अडॅप्टर न्यावा. डाळी, मसाले, पोह्यांसाठी बॅग भरण्याची गरज नाही, ते सारे तिथे मिळते.

मुंबईहून थेट विमान सुमारे सहा तासांत प्लेझांस इथल्या सर शिवसागर रामगुलाम विमानतळावर उतरते. तिथली वेळ भारतापेक्षा दीड तास मागे आहे. चलन मॉरिशसचा रुपया. तो अलीकडे आपल्या दोन रुपयांच्या आसपास असतो, म्हणून किंमत वाचताना नावावरून फसू नये. फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआय आणि रुपे कार्डाचीही सोय सुरू झाली आहे, पण पहिल्या दिवशी बसभाड्यापुरती रोकड जवळ असणे बरे.

घर कुठे घ्यावे

मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक, आणि देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आहे. पूर्वेला सुमारे साडेपाचशे किलोमीटरवर रॉड्रिग्ज हे दुसरे बेट आहे. २००२ पासून त्याला स्वायत्तता आहे. एवढ्याशा जागेत हवामानाचे प्रकार मात्र अनेक आहेत आणि घर निवडताना भाड्याइतकेच महत्त्व त्याला द्यावे लागते.

आग्नेयेकडून वर्षभर वाहणारे व्यापारी वारे मधल्या पठारावर ओलावा आणून टाकतात. म्हणून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरचे क्युरपीप आणि त्याच्या आसपासचा भाग थंड, ढगाळ आणि दमट असतो. कपाटातल्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते आणि जुलै-ऑगस्टमध्ये रात्री स्वेटर लागतो. डोंगरांच्या आड असलेला पश्चिम किनारा, म्हणजे फ्लिक आं फ्लाक, तामारें, ब्लॅक रिव्हर, हा कोरडा आणि उन्हाचा. राजधानी पोर्ट लुई डोंगरांच्या कोंदणात असल्याने उन्हाळ्यात तापते, आणि कचेऱ्या सुटल्या की संध्याकाळी तिथले रस्ते ओस पडतात. रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा, फिनिक्स या सलग पसरलेल्या शहरांच्या पट्ट्यात हवा मध्यम, बाजार जवळ आणि मेट्रो हाताशी असते. एबेनच्या सायबरसिटीत माहिती-तंत्रज्ञानाची नोकरी असेल तर नवख्या कुटुंबाने पहिले वर्ष याच पट्ट्यात काढावे, असे माझे स्पष्ट मत आहे. समुद्रकाठचा फ्लॅट पहिल्या महिन्यात मोहक वाटतो, नंतर रोजचा प्रवास नकोसा होतो.

घर पाहायला गेल्यावर तीन गोष्टी तपासाव्यात. हा देश दक्षिण गोलार्धात असल्यामुळे हिवाळ्यात सूर्य उत्तरेकडून जातो. पठारावरच्या घराला उत्तरेची खिडकी नसेल तर थंडीत कपडे वाळत नाहीत. दुसरे, गच्चीवर पाण्याची टाकी आहे का, कारण पावसाळ्यापूर्वीच्या ऑक्टोबर-डिसेंबरात पाणी ठरावीक वेळीच येते. तिसरे, आजूबाजूला नाला किंवा सखल भाग आहे का, कारण मुसळधार पावसात पाणी फार वेगाने चढते. जानेवारी २०२४ मध्ये ‘बेलाल’ चक्रीवादळाच्या वेळी पोर्ट लुईच्या रस्त्यांवर मोटारी वाहून गेल्या होत्या.

चक्रीवादळाचे नियम

नोव्हेंबर ते मे हा चक्रीवादळांचा काळ. मॉरिशसमध्ये इशाऱ्याचे चार दर्जे आहेत आणि ते वादळाची ताकद सांगत नाहीत, वादळ किती जवळ आले ते सांगतात. नवा माणूस हमखास इथे गोंधळतो. ताशी १२० किलोमीटरचे झोत येण्याच्या साधारण ३६ ते ४८ तास आधी पहिल्या दर्जाचा इशारा निघतो. वादळ सरकत जवळ आले की दुसरा लागतो, आणि तिसरा लागेपर्यंत तयारीला दिवसाउजेडाचे सहाएक तास उरलेले असतात. चौथा म्हणजे तसे झोत प्रत्यक्ष सुरू झाले आहेत. पहिल्या इशाऱ्याला शाळा बंद होतात, तिसऱ्याला कचेऱ्या, दुकाने, बस सगळेच थांबते.

पहिला इशारा ऐकला की वाट पाहू नये. पिण्याचे पाणी भरून ठेवावे, मोबाइल चार्ज करावा, मेणबत्त्या, विजेरी, सेलवर चालणारा रेडिओ, बिस्किटे, शिजवायला न लागणारे अन्न आणि बाळाची औषधे एका जागी काढावीत. बाल्कनीतल्या कुंड्या, वाळत घालायचा स्टँड, गॅसचा रिकामा सिलिंडर आत घ्यावा. शेजारी खिडक्यांना पट्ट्या लावत असतील तर त्यांचे पाहून तसेच करावे. तिथली वयस्क माणसे या बाबतीत कोणत्याही पुस्तिकेपेक्षा जाणती असतात. फेब्रुवारी १९६० मधल्या ‘कॅरोल’ने हजारो घरे उद्ध्वस्त केली आणि त्यानंतर पत्रा व लाकडाच्या जागी सिमेंटची सपाट छपराची घरे आली. वादळाचा मध्यभाग डोक्यावरून जात असताना वारा एकाएकी पडतो, क्वचित ऊनही दिसते. या शांततेत बाहेर पडू नये, थोड्याच वेळात वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. अधिकृत सूचना रेडिओवर फ्रेंच आणि क्रेओलमध्ये आधी मिळतात, म्हणून पुढचा विषय महत्त्वाचा.

भाषा: सुरुवात क्रेओलपासून करावी

संसदेची आणि सरकारी कागदाची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रांची भाषा बहुतांशी फ्रेंच, आणि रस्त्यावरची, घरातली, भांडणाची, थट्टेची आणि सांत्वनाची भाषा क्रेओल, अशी तिथली व्यवस्था आहे. एकाच कचेरीत साहेब इंग्रजीत ई-मेल लिहितो, बैठकीत फ्रेंच बोलतो आणि चहा घेताना क्रेओलवर येतो. इंग्रजीवर काम भागते हे खरे, पण भागण्यापलीकडे जात नाही. हिंदी चित्रपट आणि मालिका लोक आवडीने पाहतात, पण त्यावरून सर्वांना हिंदी बोलता येते असे गृहीत धरून टॅक्सीवाल्याशी थेट हिंदीत सुरुवात करणे योग्य नाही. समोरचा माणूस हिंदू असेलच असे नाही, आणि असला तरी त्याच्या आजीची भाषा भोजपुरी, तमिळ किंवा तेलुगू असू शकते.

क्रेओल शिकायला सोपी आहे. शब्द बहुतेक फ्रेंच मुळाचे असले तरी क्रियापद कर्त्यानुसार किंवा लिंगानुसार फारसे बदलत नाही. ‘ती’ लावले की भूतकाळ, ‘पे’ लावले की चालू काळ, ‘पू’ लावले की भविष्य. पहिल्या आठवड्यात एवढी वाक्ये पाठ करावीत: ‘बोंझूर’ म्हणजे नमस्कार, ‘की मान्येर?’ म्हणजे कसे आहात, त्याला उत्तर ‘कोरेक’, ‘कोम्ये सा?’ म्हणजे हे केवढ्याला, ‘मो पा कोंप्रान’ म्हणजे मला समजले नाही, ‘मो पे आप्रान क्रेओल’ म्हणजे मी क्रेओल शिकतो आहे, आणि निरोप घेताना ‘सालाम’. हा सालाम हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच म्हणतात. अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला ‘ऊ’ म्हणावे, ‘तो’ म्हणू नये. तू आणि तुम्ही यांतला फरक आपल्याला शिकवावा लागत नाही. दुकानात, बसमध्ये, लिफ्टमध्ये शिरताना आधी बोंझूर म्हणायचे आणि मगच कामाचे बोलायचे. आपल्याकडे थेट ‘ओ भाऊ, हे केवढ्याला?’ असे विचारण्यात काही वावगे नसते, तिथे अभिवादनाशिवाय केलेला प्रश्न उद्धट वाटतो.

क्रेओलला ‘मोडकी फ्रेंच’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नये. तिचे प्रमाण लेखन ठरले आहे, २०१२ पासून ती प्राथमिक शाळांत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते, आणि गुलामगिरीत निरनिराळ्या भाषांच्या माणसांनी एकमेकांशी बोलण्यासाठी घडवलेली ही भाषा आज या देशातल्या सर्व जमातींना खरोखर समान असलेली एकमेव भाषा आहे.

बाजार आणि पोट

भाषेचा सराव करायला बाजारासारखी जागा नाही. पोर्ट लुईचा मध्यवर्ती बाजार सुप्रसिद्ध आहे. कात्र बोर्नला बुधवारी आणि शनिवारी भाजीचा बाजार भरतो, माएबूरला सोमवारी मोठा बाजार असतो. एखाद्या भाजीवालीच्या फळीसमोर जरा वेळ उभे राहिले की बेटाचा इतिहास तिच्या हाकांतून ऐकू येतो. भेंडीला ती ‘लालो’ म्हणते, दोडक्याला ‘पिपांगाय’, कारल्याला ‘मार्गोझ’, कोथिंबिरीला ‘कोतोमिली’ आणि कढीपत्त्याला ‘कारिपुले’. शेवटचे दोन शब्द तमिळ मजुरांबरोबर आलेले. पालेभाज्यांना एकत्र ‘ब्रेद’ म्हणतात. त्यांपैकी ‘ब्रेद मुरुम’ म्हणजे आपल्या शेवग्याचा पाला आणि ‘ब्रेद सोंझ’ म्हणजे अळू. त्यामुळे कोकणातल्या माणसाला फदफद्यासाठी वणवण करावी लागत नाही. बरेचसे अन्नधान्य आयात होते, म्हणून महागाई जाणवते, आणि वादळानंतर भाज्यांचे भाव काही आठवडे कडाडतात. खरेदीला कापडी पिशवी न्यावी. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे.

बाहेर खायचे असेल तर दालपुरीपासून आरंभ करावा. वाटलेली पिवळी डाळ आत भरलेली ही पातळ, मऊ पोळी म्हणजे गूळ न घातलेली पुरणपोळीच म्हणावी. ती नेहमी जोडीने विकतात. विक्रेता काचेच्या पेटीतून दोन पुऱ्या एकमेकींवर ठेवतो, त्यांवर मोठ्या वालाची आमटी, टोमॅटोची ‘रुगाय’ आणि लोणचे झपाझप पसरतो, ‘पिमां?’ असे विचारतो, तुम्ही होकार दिला तर हिरव्या मिरचीचा ठेचा घालतो आणि कागदात गुंडाळून हातात देतो. ती उभ्यानेच खायची असते. डाळीच्या मिरची-भज्यांना ‘गातो पिमां’ म्हणतात आणि ती सकाळी पावात घालून खातात. याच गाडीच्या शेजारी चिनी ‘मीन फ्रीत’ (परतलेल्या नूडल्स) आणि ‘बुलेत’ (वाफवलेले गोळे) विकणारा असतो, पलीकडे मुसलमानाची बिर्याणी आणि सब्जाचे बी घातलेला ‘आलुदा’ हे दुधाचे थंड पेय. जेवण कुठल्या जमातीचे हे तिथे फारसे कोणी पाहत नाही. शाकाहारी माणसाने मात्र विचारून घ्यावे, कारण वाटाण्याच्या भाजीतही सुके कोळीम पडलेले असू शकते.

माणसे, जमाती आणि सण

या देशाचा कोणी ‘मूळ रहिवासी’ नाही. डच लोकांनी १५९८ मध्ये बेटाला राजपुत्र मॉरिसचे नाव दिले, १७१० मध्ये ते निघून गेले, १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला आणि १८१० मध्ये इंग्रजांनी. ऊस आणि बंदर उभे राहिले ते गुलामांच्या श्रमांवर. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली आणि तिच्या जागी करारबद्ध मजूर आणण्याची पद्धत आली. १८३४ ते १९२० या काळात साडेचार लाखांच्या आसपास मजूर बेटावर उतरले, त्यांतले बहुसंख्य भारतीय. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर त्यांनी चढलेल्या दगडी पायऱ्या आजही पाहता येतात. भारतीय माणूस घाटावर आवर्जून जातो आणि तिथूनच परततो, हे मला अपुरे वाटते. पळालेल्या गुलामांनी आसरा घेतलेला नैर्ऋत्येचा ले मॉर्न डोंगर आणि पोर्ट लुईच्या जुन्या लष्करी रुग्णालयात २०२३ मध्ये उघडलेले गुलामगिरीचे संग्रहालय पाहिल्याशिवाय शेजारच्या क्रेओल, म्हणजे गुलामांच्या वंशातल्या, कुटुंबाची वेदना आणि त्यांच्या ‘सेगा’ संगीतातला जोम दोन्ही कळत नाहीत. युनेस्कोने घाट २००६ मध्ये आणि ले मॉर्न २००८ मध्ये जागतिक वारशात घेतला. दोन्हींच्या स्मृतीसाठी अनुक्रमे २ नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी या सार्वजनिक सुट्ट्या असतात.

जमातींची नावे घेताना जपून असावे. तिथल्या बोलण्यात ‘हिंदू’ म्हणजे बऱ्याचदा बिहारकडच्या भोजपुरी-हिंदी परंपरेतले लोक. तमिळ, तेलुगू आणि मराठी स्वतःला वेगळे मोजतात, धर्म एकच असला तरी. ‘मलबार’, ‘लास्कार’ असे शब्द कानावर पडतील, पण ते हेटाळणीचे आहेत आणि परक्याने तर ते मुळीच वापरू नयेत. एकोपा आहे, तो खरा आहे आणि कष्टाने सांभाळलेला आहे. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९६८ च्या आरंभी, पोर्ट लुईत दंगली झाल्या होत्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा लोकप्रिय गायक पोलीस कोठडीत मरण पावल्यावर देश पुन्हा पेटला होता. म्हणून जात, धर्म आणि निवडणुकीचे गणित यांवर नव्या माणसाने मते मांडण्याची घाई करू नये, भारतातले राजकारण तर तिथल्या जेवणाच्या टेबलावर आणूच नये. बोलायला विषय हवा असेल तर इंग्लिश फुटबॉल हा हुकमी आहे. क्रिकेटला तिथे फारसे श्रोते नाहीत.

सणांत सहभागी होणे हा ओळखी वाढवण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे. महाशिवरात्रीला पांढरे कपडे घातलेले हजारो भाविक कावडी खांद्यावर घेऊन चालत गंगा तलावाला जातात. सरोवराच्या प्रवेशाशी ३३ मीटर उंचीची शिवमूर्ती आहे. वाटेवर ठिकठिकाणी सरबत, फळे आणि जेवण वाटले जाते आणि वाटणाऱ्यांत सर्व धर्मांची माणसे असतात. त्या दिवसांत दक्षिणेकडे मोटारीने जाणे टाळावे, किंवा सरळ चालणाऱ्यांत सामील व्हावे. जानेवारी-फेब्रुवारीत तमिळांची कावडी, सप्टेंबरात सेंत क्रुवा इथे फादर लावाल या कॅथलिक धर्मगुरूंच्या समाधीची यात्रा, आणि त्या समाधीला हिंदू, मुसलमानही जातात. ईदला शेजाऱ्यांकडून बिर्याणीचा डबा येतो, दिवाळीला आपण मिठाईचा द्यायचा. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे तिथेही चालते. हिंदूंच्या अंगणात कोपऱ्यात लहानसे देवालय आणि बांबूला लावलेले लाल झेंडे दिसतात. ते हनुमानाचे ठाणे आहे, तिथे चप्पल घालून जाऊ नये.

तिथले मराठी

मराठी माणसे मॉरिशसला गेली ती मुंबई बंदरातून आणि मुख्यतः रत्नागिरीकडून. कलकत्ता आणि मद्रासहून गेलेल्यांच्या तुलनेत ती थोडी होती, तरी त्यांनी आपले वेगळेपण सोडले नाही. आरिएत या गावी १८९६ पासून गणेशोत्सव होत आला आहे आणि आज गणेश चतुर्थी ही सबंध देशाची सार्वजनिक सुट्टी आहे. कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. मराठी मंडळी फेडरेशनसारख्या संस्था कार्यक्रम करतात, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे आणि सरकारी शाळांत मराठी ऐच्छिक विषय आहे.

या लोकांना भेटताना एक पथ्य पाळावे. नोंद करणाऱ्या कारकुनाने मजुराचे किंवा त्याच्या बापाचे नाव जसे ऐकले तसे रोमन लिपीत लिहिले आणि तेच पुढे घराण्याचे आडनाव झाले, म्हणून ‘जी’ने संपणारी आडनावे पुष्कळ दिसतील आणि आपल्याकडची नेहमीची आडनावे जवळजवळ नाहीतच. ‘मूळ आडनाव काय, गाव कोणते, जात कोणती’ असे आपण सहज विचारतो. त्याचे उत्तर त्यांच्याकडे नसते आणि प्रश्नाने ती माणसे अवघडतात. कोणाला खरोखर पूर्वजांचा शोध घ्यायचा असेल तर महात्मा गांधी संस्थेत आप्रवासी मजुरांच्या नोंदी जतन केलेल्या आहेत, तिथे त्यांच्याबरोबर जाऊन नोंदींतली नावे-गावे ओळखायला मदत करावी. हे काम मनापासून करण्यासारखे आहे. घरी बहुतेक जण क्रेओलच बोलतात. आरती मात्र तोंडपाठ असते. त्यांच्या मराठीचे उच्चार सुधारण्याच्या भानगडीत पडू नये. चार पिढ्या समुद्रापार राहून, ऊसतोडणी करून, ज्यांनी गणपती आणि आरती टिकवली, त्यांची परीक्षा घेण्याचा अधिकार काल विमानातून उतरलेल्या माणसाला नाही. उत्सवात आधी सतरंज्या उचलायला जावे, व्यासपीठावर बोलावतील तेव्हा बोलवोत.

रोजच्या सोयी

रेल्वेची प्रवासी वाहतूक १९५६ मध्ये बंद पडली होती. मेट्रो एक्सप्रेस २०१९ च्या अखेरीस सुरू झाली आणि आता पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वामार्गे क्युरपीपपर्यंत जाते, एक फाटा एबेन आणि रेदुईला जातो. बाकी सर्वत्र बस आहे, पण गावाकडच्या बस संध्याकाळी लवकर बंद होतात. परतीची शेवटची बस किती वाजता आहे हे जातानाच वाहकाला विचारावे. वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात. वर्तुळाकार चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचे असते आणि तो नियम लोक खरोखर पाळतात, हॉर्नही क्वचितच वाजवतात. कात्र बोर्न, रोझ हिल, क्युरपीप इथली बरीच दुकाने गुरुवारी दुपारनंतर बंद असतात.

बँक खात्यासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, म्हणून भाडेकरार करतानाच वीज किंवा पाण्याचे बिल आपल्या नावावर होईल का ते ठरवून घ्यावे. सरकारी रुग्णालये नागरिकांसाठी मोफत आहेत. परदेशी माणसाने आरोग्यविमा काढलेलाच बरा. पोलिसांसाठी ९९९ किंवा ११२, रुग्णवाहिकेसाठी ११४ आणि अग्निशमनासाठी ११५ हे क्रमांक मुलांनाही पाठ करवावेत. समुद्र बहुतेक बाजूंनी प्रवाळाच्या भिंतीने शांत केलेला आहे, पण दक्षिणेला ग्री-ग्रीजवळ ती भिंत नाही आणि तिथे पाण्यात उतरणे जिवावर बेतते. इतरत्रही पाण्यात रबरी बूट घालून उतरावे, कारण दगडासारखा दिसणारा विषारी मासा उथळ पाण्यात असतो.

मुलांची शाळा

मुले बरोबर असतील तर तारखांचा हिशेब सर्वांत आधी मांडावा. शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होते, आपल्यासारखे जूनमध्ये नाही, त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये गेलेल्या मुलाला एकतर मधूनच वर्गात बसावे लागते किंवा जवळजवळ वर्षभर थांबावे लागते. शक्य असेल तर डिसेंबरच्या सुट्टीत स्थलांतर करावे. पुढच्या परीक्षा केंब्रिजच्या धर्तीच्या असल्याने भारतात परतण्याचा विचार असेल तर समकक्षतेचे नियम आधीच पाहावेत. इंग्रजी माध्यम असले तरी फ्रेंच हा पहिल्या वर्गापासूनचा सक्तीचा विषय आहे, आणि तिथली मुले ती घरून थोडीफार ऐकून आलेली असतात. आपल्या मुलाला निघण्यापूर्वी किमान काही महिने फ्रेंचची शिकवणी लावावी. प्राथमिक शाळेत प्रवेश घेताना ऐच्छिक भाषा विचारतात: हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी किंवा क्रेओल. घरी मराठी चांगली बोलली जात असेल तर मी क्रेओल निवडायला सांगेन, कारण मधल्या सुट्टीत मुलाला तीच लागणार आहे. मराठीच निवडायची असेल तर त्या शाळेत त्या वर्षी मराठीचे शिक्षक आहेत का, हे अर्ज भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांना विचारावे. प्रत्येक शाळेत ते असतातच असे नाही.